तळ्याकाठची पंगत

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला आणि तुळशीच्या लग्नाचे ऊस अंगणात उभे राहिले, की जुन्या मराठी घरांतून एक बेत हटकून शिजू लागे. तो आवळीभोजनाचा. कार्तिक शुद्ध नवमी ते पौर्णिमा यांमधला एखादा सोयीचा दिवस धरावयाचा, गावाबाहेर आवळीचे झाड आणि हाकेच्या अंतरावर पाणी अशी जागा हेरावयाची, आणि पातेली, पळ्या, पत्रावळी, शिधा व पोरेबाळे यांसह सगळ्या आळीने तिकडे कूच करावयाचे. तीन दगडांची चूल, मसालेभाताचा दरवळ, झाडाच्या बुंध्याला हळदकुंकू, आणि मग सावलीत बसलेली पंगत. वर्षभर स्वयंपाकघरात बसणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत त्या दिवशीही धूर जायचाच. पण डोक्यावर कौलांऐवजी आभाळ असायचे, आणि तेवढ्या बदलावर त्या पुढचे वर्ष काढीत.

दिवसही मोठ्या शहाणपणाने निवडलेले. पाऊस परतलेला असतो, पण ओढे आटलेले नसतात. गवत पिवळे होऊ लागते, वाटांवरचा चिखल वाळतो, ऊन अंगाला बोचत नाही. पिकनिक हा शब्द आपल्या भाषेत पाहुणा म्हणून येऊन घरचा झाला त्याच्या कितीतरी आधीपासून वनभोजन आपल्याकडे नांदत होते. आणि ते धर्माच्या कपाळी बांधून ठेवल्यामुळे घरातल्या सर्वांत कडक म्हाताऱ्यालाही त्याला नाही म्हणता येत नसे.

परंतु पंगत म्हटली की यजमान आलाच. कुणीतरी बोलावतो, कुणीतरी वाढतो, कुणीतरी तांब्या घेऊन फिरतो. घरच्या पंगतीत तो आपल्याला दिसतो. रानातल्या पंगतीत मात्र तो दिसत नाही, म्हणून आपण समजतो की तो नाहीच. झाड आपले, पाणी आपले, वारा आपला! ज्या तळ्याकाठी आपण सतरंजी पसरतो ते तळे कुणी अडवले, कशासाठी अडवले, आणि अडवताना कुणाच्या ताटातले काय गेले, हा प्रश्न भरल्या पोटी सहसा कुणाला सुचत नाही. या दिवाळीत तो आपण विचारून पाहू, आणि त्यासाठी फार लांब जावयास नको. मुंबईहून कर्जतची लोकल धरली तरी पुरे.

*

कल्याण सुटले की ही गाडी पुण्याच्या दिशेला वळते, आणि पहिल्या काही स्थानकांतच दोन्ही खिडक्यांतून दोन वेगळे देश दिसू लागतात. उजव्या हाताला मलंगगडापासून चंदेरीच्या सुळक्यापर्यंत गेलेली डोंगरांची रांग. डाव्या हाताला, कधी जवळ तर कधी झाडीआड, उल्हास नदी. राजमाचीच्या परिसरात सह्याद्रीत उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण असा प्रवास करीत ती वसईच्या खाडीला मिळते. या डोंगररांगेच्या आणि या नदीच्या मध्ये उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे वसलेली आहेत. गावे म्हणावयाची ती जुन्या सवयीने. आज एकाची वस्ती कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, हे स्थानकाची पाटी वाचल्याखेरीज कळत नाही.

या पट्ट्यातले सर्वांत जुने जलस्थान देवाच्या नावावर आहे. अंबरनाथचे शिवालय वालधुनी नदीच्या काठी उभे आहे. ठाण्याला, म्हणजे तेव्हाच्या श्रीस्थानकाला, राजधानी करून कोकणावर राज्य करणारे शिलाहार हे त्याचे कर्ते. राजा छित्तराज याने काम आरंभिले आणि त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या काळात ते पुरे झाले, असे मानतात. शिलालेखात शके ९८२ हे वर्ष कोरलेले आहे. म्हणजे इसवी सन १०६०. आज जवळजवळ साडेनऊशेहून अधिक पावसाळे त्या काळ्या दगडाने अंगावर घेतले आहेत.

या मंदिरात देवाच्या दर्शनाला वर चढावे लागत नाही, खाली उतरावे लागते. सभामंडपातून वीसेक पायऱ्या उतरून गेले की जमिनीच्या पातळीखाली गाभारा लागतो. तेथे ओलसर गारवा असतो, आणि वर पाहिले तर शिखराच्या जागी उघडे आभाळ दिसते. बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी, देवदेवता, हत्तींचे थर, असा कोरीव कामाचा नुसता बाजार भरलेला. आत मात्र अंधार, गारवा आणि वरून येणारा प्रकाशाचा एक झोत. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. श्रावणी सोमवारी रांगा लागतात. शतकानुशतके आसपासच्या खेड्यांतली कुटुंबे बैलगाडीत भाकरी बांधून येथे आली असतील, नदीत पाय धुऊन देवाला गेली असतील आणि परतताना काठावरच्या सावलीत शिदोरी सोडून बसली असतील. त्यांनी त्याला सहल म्हटले नाही, यात्रा म्हटले. पण पोरांना नाव कुठले? त्यांना पाणी, मोकळी जागा आणि बत्तासे मिळाले की झाले.

या पंगतीचा यजमान देव होता, आणि तो ओळखीचा होता. म्हणूनच पाण्यात पाऊल टाकण्याआधी वाकून ते कपाळाला लावण्याची रीत पडली. आजही खेड्यातला माणूस नदी ओलांडताना हे करतो. त्यात भाविकता आहे तशी सावधगिरीही आहे. वाकताना क्षणभर थांबावे लागते, आणि त्या क्षणात ओढ किती आहे, पाणी गढूळ आले आहे काय, हे डोळ्यांना दिसते.

*

हीच वालधुनी जेथून येते तिकडे, अंबरनाथच्या पूर्वेला काकोळे गावाच्या डोंगरांत गेलो, की दुसरा यजमान भेटतो. हा देव नव्हे, ही एक कंपनी होती. तेथल्या जलाशयाला लोक आजही 'जीआयपी टँक' म्हणतात. ज्या पोराला हे नाव तोंडपाठ असते त्याला या तीन अक्षरांचा अर्थ विचारला तर तो बहुधा डोके खाजवील. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, हे त्या कंपनीचे पूर्ण नाव. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी सोडणारी ती हीच. १८५४ मध्ये तिचे रूळ कल्याणला पोचले. १८५६ मध्ये याच वाटेने, म्हणजे अंबरनाथ-बदलापुरावरून, घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत गेले. आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून पुण्याशी जोडले गेले.

आता वाफेचे इंजिन म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावे लागेल. ते कोळसा खाते हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याहून अधिक ते पाणी पिते. बंबाखाली जाळ कितीही असो, वर पाणी नसेल तर वाफ कोठून येणार? त्यातून कल्याण हे दोन वाटांचे नाके. एक वाट थळघाटाने नाशिककडे, दुसरी बोरघाटाने पुण्याकडे. दोन्हीकडे खडा चढ. चढाला लागण्यापूर्वी इंजिनाने पोटभर पाणी प्यालेच पाहिजे. कोकणातला पाऊस चार महिने छपरे फोडील आणि उरलेले आठ महिने विहिरीचा तळ दाखवील अशा स्वभावाचा. तेव्हा रेल्वेने डोंगराच्या कुशीत बांध घालून पाणी अडवले. देवळाच्या नदीचे पाणी इंजिनाच्या पोटात जाऊ लागले.

गंमत पाहा, इंजिनासाठी केलेल्या तळ्याला शोभा मात्र आपोआप आली. तीन बाजूंना हिरवे डोंगर, मधे निश्चल पाणी, पावसाळ्यात सांडव्यावरून उडणारी पांढरी चादर. कंपनीच्या हिशेबवहीत या शोभेला रकाना नव्हता. पण तळे केले की सावली येते, पाखरे येतात, आणि त्यांच्या मागोमाग डबे घेऊन माणसे येतात. १९२९-३० च्या सुमारास घाटावर विजेची इंजिने धावू लागली आणि वाफेची तहान हळूहळू ओसरली. १९२५ मध्ये सरकारच्या ताब्यात गेलेली ती कंपनी १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. कंपनी गेली, तिचे नाव तळ्यापाशी राहिले. पुढे तेथले पाणी रेल्वेनेच बाटल्यांत भरावयास घेतले. 'रेल नीर' नावाने प्रवाशांच्या हाती जे पाणी पडते त्याचा एक कारखाना येथे आहे. पूर्वी ज्या तळ्याचे पाणी इंजिन पीत असे त्याचेच आता डब्यातला प्रवासी पितो. उलटे म्हणावे तर उलटे, सुलटे म्हणावे तर सुलटे!

*

आता डाव्या खिडकीकडे येऊ. उल्हास ही उन्हाळ्यातही वाहते, याचे आपल्याला नवल वाटत नाही, पण वाटले पाहिजे. कोकणातल्या नद्या आखूड आणि उतावळ्या. पावसाळा संपला की त्यांचे डोह राहतात, धार राहत नाही. उल्हासेची धार टिकते त्याचे एक कारण घाटमाथ्यावर आहे. मावळात आंध्रा नदीवर टाटांनी ठोकरवाडीचे धरण बांधले आणि १९२२ पासून ते पाणी बोगद्यानळांतून कड्याखाली भिवपुरीच्या वीजघरात सोडले. जे पाणी एरवी इंद्रायणी-भीमेच्या वाटेने पूर्वेला, थेट बंगालच्या उपसागराकडे निघाले असते, ते वीज निर्माण करून पश्चिमेला उतरते आणि पेज नदीवाटे उल्हासेला येऊन मिळते. बदलापूरच्या बंधाऱ्यावर संध्याकाळी पाय सोडून बसणारा माणूस एका अर्थी मावळातल्या पावसाच्या काठी बसलेला असतो.

त्या मावळातल्या माणसांनी हे सारे मुकाट्याने दिले असेही नव्हे. शेजारच्या मुळशी पेट्यात टाटांचे धरण होऊ लागले तेव्हा १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि पुढे सेनापती हे नाव ज्यांना कायमचे चिकटले ते पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते झाले. धरणाविरुद्ध उभा राहिलेला आपल्या देशातला हा अगदी आरंभीचा लढा. धरण झाले. गावे बुडाली. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. हा हिशेब मनाच्या एका कोपऱ्यात ठेवू. पुढे त्याची गरज लागणार आहे.

उल्हासेच्या काठी १९४७ नंतर एक अगदी वेगळी वस्ती आली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने बराकी बांधल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून निघालेल्या निर्वासितांना त्या बराकींत उतरवण्यात आले. माणसे सुमारे एक लाख. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. नदीचे नाव गावाला मिळाले. ज्यांचे घर, दार, शेत आणि दफ्तर सारे पाठीमागे राहिले, त्यांच्या वाट्याला उल्हास हा शब्द आला. तो देताना कुणाच्या मनात थोडी आशा असावी, थोडे आर्जव असावे.

सिंधी माणूस नदीचा माणूस. सिंधूवाचून त्याची ओळख पुरी होत नाही. त्याचा झुलेलाल हा जळाचा देव. पल्ला मासळीवर, कमळात बसलेला. चेटीचंडला दिवा लावून सजवलेला बहराणा वाजतगाजत पाण्यापर्यंत न्यावयाचा आणि पाण्याला अर्पण करावयाचा. श्रावणाच्या सुमारास चाळीस दिवसांचे चालिहो व्रत धरावयाचे. ज्यांची महानदी सीमेपलीकडे राहिली त्यांनी हे सण येथल्या पाण्याकाठी चालू ठेवले. मराठी घरातले आवळीभोजन आणि सिंधी घरातला बहराणा यांत वरवर काही साम्य नाही. पण दोन्हीत कुटुंब घराबाहेर पडते, पाण्याशी जाते, आणि घेण्याआधी काही देते. हे साम्य लहान नाही.

आणि एक विपरीत गोष्ट अशी, की नदीचे नाव धारण करणाऱ्या या शहराजवळ स्वतःचे असे पाण्याचे धरण नाही. ते औद्योगिक विकास महामंडळाकडून पाणी विकत घेते. हे पाणी कोठून येते ते पाहावयाचे तर बदलापूरला उतरून नदी ओलांडली पाहिजे.

*

बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडले, असे लोक सांगतात. घाटावरून आलेला स्वार येथे थकला घोडा सोडून ताजा घोडा घेई म्हणे. खरेखोटे लोककथा जाणे. आज घोड्यांऐवजी लोकलने येणारी तरुण मंडळी येथे उतरतात आणि रिक्षा, मोटारसायकली करून बारवीच्या वाटेला लागतात. वाट सुंदर आहे. साग, ऐन, पळस. वैशाखात करवंदांच्या जाळ्या. पावसाच्या तोंडावर बदलापूरची टपोरी जांभळे, ठाकूर-कातकरी बायांनी पानांच्या द्रोणांत मांडलेली. आणि शेवटी डोंगरांच्या कडीत पसरलेले बारवीचे पाणी. या साऱ्या पट्ट्यात एवढे मोठे तळे दुसरे नाही.

याचा यजमान कोण? १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, बेलापूर, डोंबिवली, अंबरनाथ येथे कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. अंबरनाथला तर आगपेट्यांचा कारखाना १९२० च्या दशकापासूनच होता. त्याच्यामागून रसायने आली, रंग आले, औषधे आली. कारखान्याची तहान इंजिनाच्या तहानेहून मोठी. ती भागवण्यासाठी उल्हासेच्या बारवी या उपनदीवर महामंडळाने धरण बांधले. १९७२ मध्ये ते उभे राहिले. त्याचे पाणी कालव्याने जात नाही. ते नदीतच सोडतात. बारवी ते उल्हासेत नेते. पुढे आपटीच्या बंधाऱ्याशी ते उचलून जांभूळ येथे शुद्ध करतात आणि तेथून नळांनी दूरदूर पाठवतात. कारखान्यांसाठी म्हणून केलेले हे पाणी पुढे शहरांनीही प्यावयास घेतले. उल्हासनगरच्या घरातला माठ, अंबरनाथच्या कारखान्यातली टाकी, ठाण्यापलीकडच्या कितीतरी इमारतींतले नळ, यांचे मूळ या डोंगरांत आहे.

शहरे वाढली तसे धरण उंच करावे लागले. एकदा नव्हे, टप्प्याटप्प्याने. स्वयंचलित दरवाजे बसले, आणि २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव उंचीपर्यंत पाणी चढले. साठा सुमारे ३४० दशलक्ष घनमीटरांवर गेला. वर्तमानपत्रांतून शहरांना दिलासा देणारे मथळे आले. त्याच दिवसांत मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, मोहघर, काचकोली, मानिवली या गावांकडे पाणी सरकत होते. उंची वाढवण्याची चर्चा, मोजणी, मोबदला, पुनर्वसन, घरटी एकाला नोकरी, असे सगळे कागद वर्षानुवर्षे चालले होते. काहींचे झाले होते, काहींचे व्हावयाचे होते. पाण्याला मात्र कागद वाचता येत नाहीत. ज्या वाटेने काल गुरे आली ती वाट आज पाण्याखाली गेली.

बुडालेल्या गावाची एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. घर पुन्हा बांधता येते, निदान कागदावर तरी. पण गावाबरोबर त्याची स्वतःची रानातली जागाही बुडते. वेशीवरचा देव, आंब्याखालचा पार, पोरांचा पोहावयाचा डोह, बायकांची धुण्याची शिळा. वनभोजनाला शहरातला माणूस गावाबाहेर जातो. या माणसांचे अख्खे आयुष्यच वनभोजन होते, आणि त्याची जागा आता आपल्या सहलीच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की धरणांच्या पोटातून जुन्या जोत्यांचे दगड वर येतात. काठावर फोटो काढणाऱ्या मुलाला ते केवळ दगड वाटतात.

म्हणून मुळशीची आठवण जपून ठेवावयास सांगितले होते. १९२१ आणि २०१९ यांच्या मधे स्वराज्य आले, कायदे बदलले, मोबदल्याचे आकडे वाढले. तरी तळे म्हणजे कुणाच्या तरी उंबऱ्यावरचे पाणी, ही गोष्ट बदलली नाही. याचा अर्थ धरणे नकोत असा नव्हे. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी आज सकाळी अभ्यंगस्नान केले ते कुठल्या ना कुठल्या धरणाच्या पाण्याने. नको आहे ते विसरणे.

*

विसरण्याचे फळ दोन प्रकारांनी मिळते. एक, पाणी माणसाला विसरते. दुसरे, माणूस पाण्याला.

बदलापूरजवळ कोंडेश्वर म्हणून शंकराचे ठिकाण आहे. देवळाशेजारी खडकात धबधबा कोसळतो आणि खाली कुंड झाले आहे. जवळच भोजचे धरण आहे. पावसाळ्यातल्या रविवारी तेथे पाय ठेवावयास जागा नसते. आणि जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात अशा कुंडांतून, धरणांतून कुणाच्या ना कुणाच्या घरचा मुलगा परत येत नाही. कारणे ठरलेली. धबधब्याखालचे पाणी वरून सपाट दिसते, पण आत ते फिरत असते आणि माणसाला कातळाशी दाबून धरते. शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही. धरणाचा काठ उथळ वाटतो, आणि दोन पावलांवर जुन्या ओढ्याचे पात्र एकदम खोल लागते. माथ्यावर पाऊस कोसळला तर खाली ऊन असतानाच लोंढा येतो. जिल्हाधिकाऱ्यांना मग पावसाळ्यात धबधबे आणि धरणे यांच्याजवळ जाण्यास मनाई करणारे हुकूम काढावे लागतात. पाण्याला हात लावून तो कपाळी नेणारा खेडूत अडाणी ठरला, आणि शहाण्यांना अडवावयास पोलीस उभे करावे लागले.

उल्हासेने आपले दुसरे रूप सगळ्या महाराष्ट्राला दाखवले ते २७ जुलै २०१९ रोजी. कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये पुराच्या पाण्यात अडकली. सकाळी उजाडले तेव्हा चहूकडे पाणी आणि मधे आगगाडी बेटासारखी. सुमारे एक हजार पन्नास प्रवासी होते. त्यांत गर्भवती स्त्रिया होत्या, लेकुरवाळ्या होत्या. आपत्ती दलाचे जवान, नौदल, रेल्वेची माणसे आणि आसपासचे गावकरी यांनी होड्यांतून, दोरांच्या आधाराने त्या सर्वांना सुखरूप बाहेर काढले. या पट्ट्यातल्या पाण्याच्या इतिहासात इतके सुंदर पान दुसरे नसेल. ज्यांच्या शेतांतून ती गाडी एरवी न थांबता जाई त्यांनीच त्या दिवशी गाडीतल्यांना हात दिला.

दुसरा प्रकार अधिक दुःखाचा. जी वालधुनी साडेनऊशे वर्षांपूर्वी देवाच्या पायाशी वाहत होती, तिची पुढे गटार झाली. कारखान्यांचे सांडपाणी, शहरांचा मैला, सारे तिच्या पदरात. २०१४ मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनांतून उठलेल्या वायूने उल्हासनगरात शेकडो माणसे रात्रीतून आजारी पडली. काकोळ्याच्या डोंगरात तिचे पाणी बाटलीत भरण्याजोगे, आणि तेथून काही कोसांवर तिच्या काठी श्वास घेणे अवघड. उगमाकडे आपण डबा घेऊन जातो, आणि खाली घराशेजारून तीच वाहते तेव्हा नाकाला रुमाल लावतो. नदी एकच आहे हे आपल्या लक्षात येत नाही, कारण आपण तिला दोन वेगळ्या दिवशी भेटतो.

*

तर मग तळ्याकाठी जाऊ नये काय? छे! अवश्य जावे. या पट्ट्यातली माणसे रोज पहाटे लोकलला लोंबकळून मुंबईला जातात आणि रात्री परततात. त्यांच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस डोंगर आणि पाणी दिसले नाही तर ती मुले कशाच्या बळावर वाढणार? काठावर बसण्याचा आनंद हा कुणाच्या हिशेबात नव्हता म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. शिलाहारांनी देवासाठी, रेल्वेने इंजिनासाठी, महामंडळाने कारखान्यासाठी केलेल्या कामात तो वरचेवर उगवला, पेरलेल्या शेताच्या बांधावर रानफूल उगवावे तसा. तो घ्यावा. मात्र बांध कुणाचा आहे हे विचारून घ्यावा.

आवळीभोजनात एक लहानसा विधी असतो, घरच्या जेवणात आता तो फारसा कुणी करीत नाही. पान वाढून झाले की घरातला वडीलधारा उजव्या ओंजळीत पाणी घेऊन ते पानाभोवती फिरवतो, आणि भाताची चार शिते पानाच्या कडेला काढून ठेवतो. त्यांना चित्राहुती म्हणतात. तोवर पोरांनी कितीही भूक भूक केली तरी हात थांबलेले असतात. ज्यांच्यामुळे हे अन्न आपल्यापर्यंत आले, त्या दिसणाऱ्या-न दिसणाऱ्या सर्वांची ती क्षणभराची आठवण.

येत्या कार्तिकात आपण बारवीच्या, काकोळ्याच्या किंवा उल्हासेच्या काठी बसाल तेव्हा ते ओंजळभर पाणी पानाभोवती जरूर फिरवा. आणि बरोबरच्या मुलांनी विचारले, की हे कशाला, तर त्यांना शास्त्र सांगत बसू नका. मोहघर आणि तोंडलीची नावे सांगा, तळ्याला जीआयपी का म्हणतात ते सांगा, पुरात होड्या घेऊन धावलेल्या गावकऱ्यांविषयी सांगा. गोष्ट संपेपर्यंत भात थोडा निवेल, एवढेच. मग जेवून उठताना पत्रावळी आणि बाटल्या गोळा करून घरी परत आणा; पाण्यात काही टाकू नका. यजमानाच्या घरून निघताना आपण इतके तरी करतोच.